शेक संपले, आता पिशवी काढायची का?

«डॉक्टरताई, नमस्कार. आम्ही माढा तालुक्यातले. आईचं वय ४७. तिला गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघाला, स्टेज २बी. गाठ साडेपाच सेंटिमीटरची होती. बायोप्सीत 'स्क्वेमस' लिहिलं होतं. पंचवीस लाईट म्हणजे बाहेरून किरणांचे शेक, पाच किमो आणि आतून नळी घालून चार वेळा ब्रॅकीचे शेक, असं सगळं सात आठवड्यांत पूर्ण झालं. अंगावरून जायचं थांबलं, आई जेवायला लागली. नंतर सहा आठवड्यांनी मामांच्या ओळखीने एका ठिकाणी एमआरआय काढला. त्यात लिहिलंय, 'गर्भाशयमुखाशी १२ मिलिमीटरचा जाडसर भाग, शिल्लक आजार नाकारता येत नाही.' तिथले सर्जन म्हणाले, दोन आठवड्यांत गर्भाशयाची पिशवी काढून टाकू, विषयच संपेल. खर्च सव्वा लाख. मामा गाय विकायला निघालेत. शेक देणाऱ्या मॅडम म्हणतात, काही काढायचं नाही, तीन महिने झाले की या. आई म्हणते, हराळीची काशी रानात ठेवून कुणी नांगर सोडतं का? आणि पाळी तर गेलीच, मग ती पिशवी ठेवायची तरी कशाला? मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. रात्र रात्र झोप लागत नाही. – एक मुलगी»

प्रिय मुली,

आधी उत्तर सांगते, कारणं मग. दोन आठवड्यांनी ठरवलेलं ऑपरेशन आत्ता करू नका. गाय विकू नका. शेक संपल्याला तीन महिने पूर्ण होतील तेव्हा आईला त्याच मॅडमकडे घेऊन जा. त्या हाताने तपासतील, एमआरआय पुन्हा होईल. तेव्हाही शंका उरली, तर तुकडा काढून तपासायचा. त्या तुकड्यात कॅन्सर निघाला, तरच ऑपरेशनचं बोलायचं. आईला मी तपासलेलं नाही, म्हणून शेवटचा शब्द तिला तपासणाऱ्या डॉक्टरचाच. पण तू लिहिलंस तेवढ्यावरून तरी मॅडम बरोबर सांगत आहेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आईच्या हराळीपासून सुरुवात करते, कारण तिने अगदी नेमका प्रश्न विचारलाय. हराळी नुसती रानात असली तर खणून काशा, म्हणजे तिच्या मुळ्या, वेचता येतात. पण ती बांधात शिरली की काय होतं, हे आईला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. रान कितीही खणा, बांधातली काशी तशीच राहते आणि पहिल्या पावसाला पुन्हा फुटते. स्टेज २बीचा अर्थ हाच आहे. आजार गर्भाशयमुखाच्या बाहेर पडून बाजूच्या मऊ भागात शिरलेला असतो. सुरीला जिथून फिरायचं, तिथेच तो असतो. म्हणून या टप्प्यावर पहिला उपचार ऑपरेशनचा नसतो. लाईट आणि किमो एकत्र देतात, कारण लाईट रानावरही पडतो आणि बांधावरही. मग ब्रॅकीने मुळाशी, अगदी गाठीच्या पोटात, मोठा डोस देतात. १९९९ साली अमेरिकेत पाच मोठ्या अभ्यासांचे निकाल पाठोपाठ आले, लाईटसोबत सिसप्लॅटिन हे किमोचं औषध दिलं की जास्त बायका वाचतात हे दिसलं, आणि तेव्हापासून जगभर हीच पद्धत आहे.

आईचा उपचार पुरा झाला का, हे आधी बघू. पंचवीस लाईट, दर आठवड्याला एक अशा पाच किमो, चार ब्रॅकी, आणि सगळं सात आठवड्यांत. ही चांगली बातमी आहे, तुला कुणी तसं म्हणालं नसेल म्हणून मी म्हणते. पहिल्या लाईटपासून शेवटच्या ब्रॅकीपर्यंत आठ आठवड्यांच्या आत उरकावं असा आमचा आग्रह असतो, कारण मध्ये खाडे पडले की गाठ पुन्हा जोर धरते. एसटीने ये-जा करत, रक्त कमी झालं तरी तारीख न चुकवता तुम्ही ते केलंत. खरी लढाई ती होती, आणि ती झालेली आहे.

आता एमआरआय. सगळा घोळ त्या एका वाक्याने घातलाय.

लाईटने कॅन्सरची पेशी त्याच दिवशी मरत नाही. तिच्या आतला वंशाचा धागा तुटतो, आणि पुढे ती दुभंगायला जाते तेव्हा मरते. कुणी लवकर दुभंगते, कुणी उशिरा. त्यामुळे शेक संपल्यावरही कितीतरी आठवडे गाठ विरघळत असते. शिवाय त्या जागी सूज असते, भाजल्यासारखी जखम भरत असते, नवा चट्टा तयार होत असतो. सहाव्या आठवड्याच्या एमआरआयमध्ये सूज, चट्टा आणि उरलेला आजार हे तिन्ही एकमेकांसारखे दिसू शकतात. रिपोर्ट लिहिणारा डॉक्टर प्रामाणिक असेल तर 'नाकारता येत नाही' असंच लिहील. त्या शब्दांचा अर्थ 'आजार आहे' असा होत नाही. 'आज सांगता येत नाही' एवढाच होतो. आणि एक गोष्ट तुम्ही सगळेच विसरलात: साडेपाच सेंटिमीटरची गाठ होती, सहा आठवड्यांत तिच्या जागी १२ मिलिमीटरचा जाडसर भाग उरला. मला हा रिपोर्ट वाईट वाटत नाही.

तुकडा घाईने काढण्यातही हाच धोका. मरायला टेकलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशींसारख्या दिसू शकतात. म्हणून तीन महिन्यांची वाट. मॅडमनी सांगितलेली तारीख टाळाटाळीची नाही, शरीराच्या वेळापत्रकाची आहे.

'मग ती पिशवी ठेवायची तरी कशाला?' हा प्रश्न बायका मला फार विचारतात. आपल्याकडे पिशवी म्हणजे पाळी आणि मुलं, ती दोन्ही संपली की उरते ती अडगळ, असं मनात ठाम बसलंय. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या जात होत्या, त्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली. तुझ्या आईची पिशवी आता कामाची नाही, हे खरं. पण आपण ती तिच्या कामासाठी ठेवत नाही. तिला हात लावायचा म्हणजे शेक दिलेल्या जागेत उतरावं लागतं, ते टाळायचं म्हणून ठेवतो.

शेक दिलेली जागा म्हणजे काय, ते समजून घे. लाईटने बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते आणि त्या भागाला रक्त कमी मिळतं. आहे तसं ठेवलं तर ते अवयव वर्षानुवर्षं काम करतात. पण तिथे सुरी लावली, टाके घातले, की ती जखम भरायला रक्त लागतं आणि ते पुरेसं नसतं. गर्भाशयमुखाच्या दोन्ही अंगांना, दीड-दोन सेंटिमीटरवरून, किडनीकडून येणाऱ्या मूत्रवाहिन्या जातात. पुढे लघवीची पिशवी चिकटलेली, मागे गुदाशय. सगळे एकाच भागात शेकलेले, चिकटा झालेले. टाका धरला नाही की भोक पडतं आणि लघवी योनीमार्गातून रात्रंदिवस गळत राहते. आम्ही त्याला फिस्टुला म्हणतो. मूत्रवाहिनी आवळली तर किडनी फुगते. आतडं चिकटलं तर पोट बंद पडतं. प्रत्येकीला हे होतं असं नाही, पण शेक न दिलेल्या बाईपेक्षा खूप जास्त वेळा होतं.

माझ्या ओपीडीत काही वर्षांपूर्वी अशी एक बाई आली होती. शेक चांगले झाले होते, दुसरीकडे 'खात्रीसाठी' पिशवी काढली. काढलेल्या पिशवीत कॅन्सरचा एक कणही सापडला नाही. पण दहाव्या दिवसापासून लघवी गळायला लागली. दाराबाहेरच्या बाकावर कोणी शेजारी बसायला नको म्हणून ती कोपऱ्यात उभी राहायची. तुझं पत्र वाचताना ती आठवली, म्हणून इतकं लांबलचक लिहिते आहे.

आता तू विचारशील, काढल्याने फायदा होत असेल तर हा धोकाही पत्करू. बरोबर आहे, हेच तपासायला हवं, आणि ते तपासलं गेलंय.

तुमच्या सर्जनना मी लबाड म्हणत नाही. १९६० आणि ७० च्या दशकांत अमेरिकेत मोठ्या, फुगीर गाठींसाठी शेकानंतर पिशवी काढत असत, आणि तेव्हाच्या शेकाच्या मशिनी पाहता त्यात तथ्य होतं. फ्रान्समध्ये तर ही पद्धत खूप पुढेपर्यंत चालली. पण मग प्रत्यक्ष तुलना झाली. अमेरिकेतल्या एका अभ्यासात मोठ्या गाठींच्या बायकांना नुसते शेक, किंवा शेक आणि मग साधं पिशवीचं ऑपरेशन, असे दोन गट केले. २००३ मध्ये निकाल छापून आला. ऑपरेशनवाल्या गटात त्याच जागी आजार परतण्याचं प्रमाण २७ वरून १४ टक्क्यांवर आलं होतं. हे मी लपवत नाही, सर्जन कदाचित हाच आकडा सांगतील. पण बायका जास्त जगल्या का? नाही. आणि त्या अभ्यासात शेकासोबत किमो नव्हती.

किमोसह शेक दिल्यानंतरचा प्रश्न फ्रान्सने घेतला. तपासणीत आणि एमआरआयमध्ये आजार पूर्ण गेलेल्या ६१ बायका, अर्ध्यांचं ऑपरेशन, अर्ध्यांचं नाही. तीन वर्षांनी ऑपरेशनवाल्या गटातल्या ८६ टक्के हयात होत्या, न केलेल्या गटातल्या ९७ टक्के. अभ्यास लहान होता, पुरेशा बायका न मिळाल्याने लवकर थांबवावा लागला, तेव्हा ऑपरेशनने नुकसानच होतं असं त्यावरून ठामपणे म्हणणार नाही. पण फायद्याची खूणही दिसली नाही. मेक्सिकोत २११ बायकांमध्ये वेगळा प्रयोग झाला: किमो-शेकानंतर एका गटाला ब्रॅकी, दुसऱ्या गटाला ब्रॅकीऐवजी मोठं ऑपरेशन. जगण्यात फरक पडला नाही. याचा अर्थ मी असा घेते, की जिथे ब्रॅकी देताच येत नाही तिथे सर्जनला जागा आहे. तुझ्या आईच्या चारही ब्रॅकी झाल्यात.

आणि घराजवळचा पुरावा. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये २००३ ते २०१५ या काळात सहाशेहून जास्त बायकांवर एक अभ्यास झाला. त्यात तुझ्या आईच्याच २बी स्टेजच्या पुष्कळ होत्या. एका गटाला आधी किमो आणि मग ऑपरेशन, दुसऱ्याला सरळ किमो-शेक. पाच वर्षं आजाराशिवाय राहिलेल्या बायका ऑपरेशनच्या गटात ६९.३ टक्के, किमो-शेकाच्या गटात ७६.७ टक्के. हा प्रश्न तुझ्या प्रश्नाहून थोडा निराळा आहे, पण 'काढून टाकलं की पक्कं' ही समजूत आपल्याच बायकांच्या बाबतीत किती खरी ठरली, ते त्यातून दिसतं.

याचं कारणही सांगते. हल्ली एमआरआय बघून ब्रॅकी देतात तेव्हा गर्भाशयमुखातला आजार फार चांगला आटोक्यात येतो. युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यात भारतातलीही केंद्रं होती, पाच वर्षांनी ९२ टक्के बायकांच्या त्या जागी आजार परतला नव्हता. तरी पाच वर्षांनी हयात होत्या ७४ टक्के. मधल्या बायका कशाने गेल्या? बऱ्याचजणी आजार पोटातल्या वरच्या गाठींत, फुप्फुसांत, यकृतात पसरल्याने. तिथे पिशवी काढून काय होणार? आईच्या ब्रॅकीत एमआरआय वापरला होता की सीटी, ते मला माहीत नाही, आणि सगळीकडे ९२ चा आकडा येत नाही. पण भीती कुठे ठेवायची, ते यातून कळतं. आपलं लक्ष पिशवीवर खिळतं आणि खरी राखण करायची असते ती सगळ्या शरीराची.

मग ऑपरेशन कधीच नाही का? असं म्हटलं तर तेही खोटं ठरेल. तीन महिन्यांनी हाताला कठीण गाठ लागली, तुकड्यात कॅन्सर आला, आणि पेट स्कॅनमध्ये तो फक्त मध्यभागी आहे, बाजूच्या हाडापर्यंत नाही, दुसरीकडे कुठेही नाही असं दिसलं, तर ऑपरेशन हाच बरं होण्याचा सगळ्यात मोठा मार्ग असतो. तेव्हा मी स्वतः म्हणेन, गाय विका. आजार अगदी मर्यादित असेल तर पिशवी आणि आजूबाजूचा भाग काढून भागतं. लघवीच्या पिशवीत किंवा गुदाशयात शिरला असेल तर तेही काढून पोटावर लघवी-शौचाच्या पिशव्या लावाव्या लागतात. हे ऑपरेशन फार मोठं आहे, पण नीट निवडलेल्या बायकांत साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत पाच वर्षं पार करतात. असं काम तालुक्याच्या ठिकाणी होत नाही. रोज तेच करणाऱ्या कॅन्सर सर्जनकडेच करायचं.

सर्जन म्हणतील, उशीर केला तर चिकटा वाढेल. यात थोडं तथ्य आहे. म्हणूनच तीन महिन्यांची तारीख चार-पाच महिन्यांवर ढकलू नका. पण पुराव्याशिवाय सुरी लावायला ते कारण पुरत नाही. मामांना घेऊन एकदा त्या सर्जनना शांतपणे विचार: तुकडा न तपासता का काढायचं? शेकानंतरची अशी ऑपरेशनं तुम्ही स्वतः किती केलीत? लघवी गळायला लागली तर दुरुस्ती कोण करणार, कुठे? आणि आईचे कागद शेकाच्या डॉक्टरांशी बोलून बघितलेत का? चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही.

मधल्या काळात आईने काय करायचं, हे तुला कुणी सांगितलं नसेल असं मला वाटतं, कारण जवळजवळ कुणालाच सांगत नाहीत. शेकानंतर योनीमार्गाच्या भिंती एकमेकींना चिकटायला लागतात आणि तो आखूड, अरुंद होतो. त्यासाठी डायलेटर नावाची गुळगुळीत नळी मिळते. मॅडमना विचारून, जखम भरल्यावर, आठवड्यातून दोन-तीनदा काही मिनिटं वापरायची असते. आईला हे फक्त नवरा-बायकोचं प्रकरण वाटून लाज वाटेल. तिला सांग, तो मार्ग बंद झाला तर डॉक्टरला आत बघताच येत नाही, आणि उद्या आजार परतला तर तो लपून राहतो. हे सांगितल्यावर बायका ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

सत्तेचाळिसाव्या वर्षी पाळी एकदम गेली म्हणजे अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं झिजतात. स्क्वेमस प्रकारच्या कॅन्सरनंतर हार्मोनच्या गोळ्या देता येतात. तेव्हा ते सोसत बसू नका, विचारा. आईला मिश्रीची सवय असेल तर ती आता बंद.

तपासणी पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. आजार परतायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांतच परततो. थांबलेलं रक्त पुन्हा दिसलं, एकच पाय सुजला, कंबर-खुब्यात न थांबणारं दुखणं लागलं, लघवी कमी झाली, विनाकारण वजन उतरलं, तर तारखेची वाट बघायची नाही. आणि हे लिहून ठेव: वर्ष-दोन वर्षांनी शौचातून रक्त गेलं तर ते बऱ्याचदा शेकाच्या जुन्या जखमेचं असतं. दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरला 'हिला खाली शेक झालेत' हे आधी सांगायचं. गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा तिथे सहज म्हणून काढला तरी भोक पडू शकतं.

आता मामा. बहिणीसाठी गाय विकायला निघालेला माणूस आहे तो, त्याला 'तुम्हाला कळत नाही' असं म्हणू नकोस. त्याच्या हाताला काम हवंय. मनाचं समाधान होत नसेल तर ऑपरेशनऐवजी दुसरं मत घ्यायला त्याला सोबत ने. तुमच्याकडून बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल जवळ आहे. मुंबईला परळच्या टाटाला गेलात तर मुक्कामासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा, कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांची माणसं तिथे राहतात. तुकडा, पेट स्कॅन किंवा पुढे काही लागलंच तर महात्मा फुले योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारा, काय बसतं आणि काय नाही ते तो कार्ड बघून सांगेल.

आईला माझ्याकडून सांग: बाई, नांगर सोडलेला नाही. काशी बांधात होती म्हणून बांधासकट भाजून काढली आहे. आता कोंब येतो का ते तीन महिन्यांनी वाकून बघायचं, आणि आला तर तेवढ्याच जागी कुदळ घालायची.

जाताना पहिला एमआरआय, सहा आठवड्यांचा एमआरआय, बायोप्सीचा कागद, आणि लाईट व ब्रॅकीचा डोस लिहिलेलं कार्ड बरोबर ठेव. एमआरआयच्या सीडी विसरू नकोस. नुसत्या रिपोर्टवर भागत नाही, दोन्ही चित्रं शेजारी लावून बघावी लागतात.

– तुझी डॉक्टरताई